हमी लिटरला, जोखीम क्विंटलला

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. मात्र गेल्या पाव शतकात जैवइंधनाचा कच्चा माल वारंवार बदलत गेला आणि या प्रत्येक बदलाची झळ ज्याला बसली, तो अल्पभूधारक शेतकरी धोरणाच्या मसुद्यात केवळ ‘लाभार्थी’ म्हणूनच उरला.

२०२५ च्या मध्यास पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचल्याची घोषणा झाली, तेव्हा राजधानीत समाधानाचे वातावरण होते आणि त्याला कारणही होते. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०३० ची मुदत आखली होती. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन ती २०२५-२६ वर आणली गेली आणि ती पाळलीही गेली. सरकारी उद्दिष्टे मुदतीत पुरी होण्याचे प्रसंग आपल्याकडे विरळाच. वीस टक्के मिश्रणामुळे एका वर्षात सुमारे ४३ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचेल आणि ४० हजार कोटी रुपये शेतकऱ्यांच्या हाती पडतील, असा हिशेब पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. अन्नदाता आता ऊर्जादाता झाला, ही घोषणा तर नितीन गडकरी यांच्या भाषणांतून केव्हाच देशभर पोहोचली होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कर्नाटकातील मका उत्पादक रस्त्यावर उतरले. मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, तर बाजारातील भाव १,६०० ते १,८०० रुपयांच्या दरम्यान घुटमळत होता. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना पंतप्रधानांना पत्र लिहून केंद्राने मका खरेदी करावा, अशी मागणी करावी लागली. ज्या पिकातून देशातील सर्वाधिक इथेनॉल निघू लागले होते, त्याच पिकाचा उत्पादक हमीभावासाठी आंदोलन करीत होता.

या दोन घटना परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत. जैवइंधनाच्या धोरणाने इथेनॉलच्या प्रत्येक लिटरला दर ठरवून दिला, गिऱ्हाईक ठरवून दिले आणि कारखाना उभारणाऱ्याला व्याजात सवलतही दिली. ज्या क्विंटलातून तो लिटर निघतो, त्या क्विंटलाला मात्र त्याने बाजाराच्या हवाली केले. हमी लिटरला आणि जोखीम क्विंटलला, अशी ही वाटणी आहे. ती आजची नाही. या धोरणाच्या जन्मापासून ती चालत आलेली आहे.

मोगली एरंडाचे दिवस

या शतकाच्या प्रारंभी जैवइंधनाची चर्चा इथेनॉलपेक्षा जट्रोफाभोवती, म्हणजे आपल्याकडच्या मोगली एरंडाभोवती अधिक होत असे. नियोजन आयोगाने २००२ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २००३ मध्ये आला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल मिसळायचे, तर सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर जट्रोफाची लागवड करावी लागेल, असा त्याचा हिशेब होता. कल्पना मोहक होती. हे झाड पडीक जमिनीत येते, त्याला पाणी लागत नाही, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे अन्नधान्याच्या शेताला धक्का न लावता इंधन मिळेल आणि कोरडवाहू शेतकऱ्याला जोडउत्पन्न होईल, असे सांगितले गेले. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या भाषणांतून या झाडाचा पुरस्कार केला. छत्तीसगडमध्ये डॉ. रमणसिंह यांच्या सरकारने स्वतंत्र जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन केले. आता डिझेल आखातातून नव्हे, परसातून येईल, अशा आशयाची घोषणा त्या राज्यात गावोगाव दुमदुमली.

पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. पाण्यावाचून झाड जगते, पण बी धरत नाही. उत्पन्न सुरू व्हायला तीन-चार वर्षे लागतात आणि अल्पभूधारकाला तेवढी वाट पाहणे परवडत नाही. एकसारखे उत्पादन देणारे वाण तयार होण्याआधीच रोपे वाटली गेली. ज्या जमिनीला कागदोपत्री ‘पडीक’ म्हटले गेले, ती बहुतेक ठिकाणी गावाची गायराने होती, भूमिहीनांच्या शेळ्यामेंढ्यांची आणि सरपणाची जागा होती. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने जैवडिझेल खरेदीचे धोरण जाहीर केले आणि लिटरला २५ रुपये दर ठरवला. तो उत्पादनखर्चापेक्षा कमी असल्याने कारखाने चाललेच नाहीत आणि कारखाने चालले नाहीत म्हणून बियाणाला गिऱ्हाईक राहिले नाही. दोन दशकांनंतरही डिझेलमधील जैवडिझेलचे प्रमाण एक टक्क्याचा टप्पा गाठू शकलेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीला आलेल्या एका प्रवासी विमानात छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडील जट्रोफाचे तेल अंशतः वापरले गेले. या प्रयोगाच्या वाट्याला आलेला तो कदाचित शेवटचा मानाचा क्षण.

या फसलेल्या प्रयोगाचा हिशेब कधी मांडला गेला नाही. समितीचा अहवाल दप्तरी दाखल झाला आणि अधिकारी बदलले. ज्या शेतकऱ्याने आपल्या एकरभर जमिनीत रोपे लावून तीन-चार हंगाम वाट पाहिली, त्याच्या बुडालेल्या हंगामांची नोंद कोणत्याही मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात नाही.

तत्त्वाला मुरड

जट्रोफा फसला, तरी त्यामागचे एक तत्त्व महत्त्वाचे होते: इंधन आणि अन्न यांच्यात स्पर्धा लागू द्यायची नाही. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेतील मक्याच्या इथेनॉलकडे बोट दाखवले गेले. संयुक्त राष्ट्रांचे अन्नाधिकारविषयक विशेष प्रतिनिधी ज्याँ झिगलर यांनी धान्यापासून इंधन करणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असे म्हटले होते. तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनीही धान्य इंधनाकडे वळवण्याच्या पाश्चात्त्य धोरणावर जाहीर टीका केली होती. त्या पार्श्वभूमीवर डिसेंबर २००९ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने अन्नाव्यतिरिक्त कच्चा माल आणि शेतीस अयोग्य जमीन, ही मर्यादा स्वतःवर घालून घेतली होती.

२०१८ च्या धोरणाने ती सैल केली. उसाचा रस, खराब झालेले धान्य आणि शिलकी धान्य यांची दारे उघडली गेली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतील जादा तांदूळ इथेनॉलसाठी देण्यास राष्ट्रीय जैवइंधन समन्वय समितीने मान्यता दिली. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने २०२०-२५ चा आराखडा प्रसिद्ध केला. वीस टक्क्यांसाठी सुमारे १,०१६ कोटी लिटर इथेनॉल लागेल आणि त्यासाठी देशाची क्षमता ऊस व धान्य यांच्यात जवळपास निम्मीनिम्मी विभागली जाईल, असे त्यात म्हटले होते. इथेनॉल उद्योगासाठी वर्षाला सुमारे १६५ लाख टन धान्य लागेल, हा आकडाही त्याच आराखड्यातला. म्हणजे ज्या स्पर्धेपासून दूर राहण्याचे २००९ मध्ये ठरले होते, तिचे टनांत मोजमाप २०२१ मध्ये झाले.

तत्त्वे परिस्थितीनुसार बदलू शकतात. गोदामे धान्याने ओसंडून वाहत असतील, तर त्यातील काही भाग इंधनाकडे वळवणे गैर नाही. प्रश्न एवढाच की, धान्य आणि इंधन या दोन बाजारांची गाठ बांधताना मध्ये सापडणाऱ्या उत्पादकाचा विचार कुणी केला काय?

उसाला असलेला आडोसा

याचे उत्तर उसाच्या बाबतीत काही अंशी होकारार्थी आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे झाले. तिन्ही ठिकाणे उसाच्या राज्यांतील होती, हा योगायोग नव्हता. मळी हा साखर कारखान्याचा दुय्यम पदार्थ. त्यापासून इथेनॉल काढून तेल कंपन्यांना विकले की कारखान्याच्या हाती रोकड खेळते आणि शेतकऱ्याचे देणे वेळेवर फिटते, हा विचार रास्त होता. बऱ्याच अंशी तो खराही ठरला. उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात एकेकाळी ऊसबिलांच्या थकबाकीचे जे डोंगर उभे राहत, ते अलीकडच्या वर्षांत खुजे झाले, यात इथेनॉलचा वाटा निश्चितच आहे.

परंतु ऊस उत्पादकाला खरा आडोसा मिळाला तो इथेनॉलमुळे नव्हे, तर जुन्या कायद्यामुळे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, देणे ही कारखान्याची कायदेशीर जबाबदारी आहे. २०२५-२६ साठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. कारखान्याने त्या उसाची साखर केली की इथेनॉल, याच्याशी शेतकऱ्याला देणेघेणे नाही.

अर्थात, या आडोशालाही गळती आहेच. २०१२ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीने उत्पन्नातील वाटपाचे सूत्र सुचवले. साखर आणि बगॅस, मळी यांसारखे पहिल्या टप्प्यातील उपपदार्थ यांच्या मूल्यातील सत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला, असे ते सूत्र होते. यात मळीचा भाव धरला गेला. मळीपासून पुढे तयार होणारे इथेनॉल मात्र दुसऱ्या टप्प्यातले, म्हणून सूत्राबाहेर राहिले. ज्या पदार्थाने कारखानदारीचे अर्थकारण बदलले, तोच वाटणीच्या हिशेबातून सुटला.

शिवाय धोरणाची धरसोड उसालाही चुकली नाही. २०२३ चा पाऊस अपुरा झाला. साखरेचे भाव निवडणुकीच्या तोंडावर चढू नयेत, म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी अन्न मंत्रालयाने उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. गाळप हंगाम तेव्हा ऐन भरात होता. आठवडाभरात ही मनाई सैल झाली, पण इथेनॉलकडे वळवायच्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी हे निर्बंध उठवले गेले. दरम्यान सरकारी व्याजसवलतीच्या भरवशावर कर्जे काढून आसवन्या उभारलेल्या महाराष्ट्रातील कारखान्यांचे हिशेब कोलमडले. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांना आपल्या आसवन्या धान्यावरही चालतील अशा करून घेण्यासाठी नव्याने व्याजसवलत जाहीर झाली. उसाच्या पट्ट्यातील कारखान्याला आता मका विकत घ्या, असे सांगणारे हे धोरण. त्यातील विसंगतीबद्दल फारशी चर्चा झाली नाही.

मक्याची चढण आणि उतार

उसाची कोंडी झाली आणि सरकारने मक्याकडे मोहरा वळवला. त्याला शास्त्रीय आधारही होता. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते, हे नीती आयोगाच्या आराखड्यातच नमूद आहे. मका तुलनेने कमी पाण्याचे पीक. पंजाब-हरियाणातील भातशेतीला पर्याय म्हणून त्याची शिफारस कृषिशास्त्रज्ञ अनेक वर्षे करीत आले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेव्हा ६५ रुपये ६१ पैसे मिळत होते. इशारा स्पष्ट होता.

शेतकऱ्यांनी तो ओळखला. बिहारच्या पूर्णिया, कटिहार परिसरात रब्बी मक्याचे मोठे क्षेत्र आहे आणि पूर्णियातील गुलाबबाग ही त्या पिकाची प्रसिद्ध बाजारपेठ. बिहार सरकारने २०२१ मध्ये इथेनॉलसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि एप्रिल २०२२ मध्ये पूर्णिया जिल्ह्यातच धान्यावर चालणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार बिहारमधील सरासरी जमीनधारणा ०.३९ हेक्टर, म्हणजे एक एकरभर आहे. देशाची सरासरी १.०८ हेक्टर. अशा एकरभर जमिनीच्या धन्याला दारात कारखाना येणे म्हणजे काय, याची कल्पना करता येते. २०२४ मध्ये मक्याचे बाजारभाव हमीभावाच्या वर गेले. सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ यांच्यामार्फत हमीभावाने मका घेऊन आसवन्यांना देण्याची योजना आणली, तिला शेतकऱ्यांचा प्रतिसाद मिळाला नाही. बाजारच अधिक देत होता, मग सरकारकडे जावे कशाला?

त्या वर्षी एक नवलही घडले. मक्याची निर्यात करणारा भारत मक्याची आयात करू लागला. म्यानमार आणि युक्रेन येथून जहाजे आली. मक्याचा सर्वात मोठा वापर कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात होतो. कुक्कुटपालन व्यवसायाने आयातशुल्क हटवण्याची मागणी लावून धरली. शेतकऱ्याला मात्र दीर्घ काळानंतर चार पैसे सुटले आणि त्याने पेरा वाढवला. २०२३-२४ मध्ये ३७६ लाख टन असलेले मक्याचे उत्पादन २०२४-२५ मध्ये ४३४ लाख टनांवर गेले. धोरणाने जे सांगितले, ते शेतकऱ्याने एका वर्षात करून दाखवले.

आणि नेमके तेव्हाच धोरणाने दिशा बदलली. अन्न महामंडळाच्या गोदामांत तांदूळ मावेनासा झाला होता. जुलै २०२३ मध्ये आसवन्यांसाठी बंद केलेला हा तांदूळ २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दर क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपयांवर आणला गेला. खरेदी, वाहतूक आणि साठवण धरून महामंडळाला तो क्विंटल चार हजार रुपयांच्या आसपास पडतो. फरक अर्थातच करदात्याच्या माथी. मक्याचा हमीभाव त्या हंगामात २,२२५ रुपये होता. म्हणजे तुडुंब भरलेल्या सरकारी गोदामातील तांदूळ जवळपास मक्याच्याच भावात आसवनीच्या दारात पोहोचू लागला. २०२५-२६ च्या इथेनॉल वर्षासाठी झालेल्या वाटपात मक्याचा वाटा सुमारे ४६ टक्के, तर महामंडळाच्या तांदळाचा २२ टक्के आहे. सगळ्या प्रकारचा ऊस मिळून २८ टक्केच उरतो. पाण्याच्या काटकसरीसाठी उसाकडून मक्याकडे वळलेले धोरण वर्षभरात भातापर्यंत येऊन पोहोचले.

त्यातच कारखान्यांची क्षमता गरजेच्या पलीकडे गेली. तेल कंपन्यांनी २०२५-२६ साठी १,०५० कोटी लिटरची मागणी नोंदवली, तर उत्पादकांनी देऊ केले १,७७६ कोटी लिटर. अशा वेळी आसवनी मक्यासाठी हात आखडता घेणार, हे उघड होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात जे दिसले, ते या साऱ्याचे एकत्रित फळ होते.

क्विंटलचा हिशेब

येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. एका क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. लिटरला ७१ रुपये ८६ पैसे या दराने त्याचे सुमारे २,७३० रुपये होतात. शिवाय तीसएक किलो प्रथिनयुक्त चोथा उरतो, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. तो पशुखाद्यासाठी विकला जातो. यातून कारखान्याला इंधन, मजुरी, कर्जाचे व्याज असे सगळे खर्च भागवायचे असतात. मका अडीच हजारांवर गेला तेव्हा आसवन्यांची ओढाताण झाली, हे खरेच आहे. परंतु मका सतराशेवर आला, म्हणून तेल कंपन्या लिटरचा दर कमी करीत नाहीत. तो ठरलेलाच राहतो. मधले सातशे रुपये शेतकऱ्याच्या खिशातून जातात आणि साखळीत अन्यत्र मुरतात.

समजा, दोन एकरांत चाळीस क्विंटल मका पिकवणारा शेतकरी आहे. हमीभावापेक्षा क्विंटलमागे सातशे रुपये कमी मिळाले, तर त्याचे २८ हजार रुपये गेले. ही रक्कम मोठ्या शेतकऱ्याला एका हंगामाची तूट वाटेल. अल्पभूधारकाच्या घरात ती पुढच्या पेरणीचे बियाणे-खत, मुलीची शाळा आणि सावकाराचा हप्ता असते. साठवणुकीची सोय नसल्याने आणि दाण्यातील ओलावा जास्त असल्याने तो माल काढल्या काढल्या विकतो. भाव सर्वात खाली असतात ते नेमके याच दिवसांत. बिहारने तर बाजार समित्यांचा कायदा २००६ मध्येच रद्द केला. तेथे एकरभर जमिनीच्या शेतकऱ्याचा माल आसवनीपर्यंत पोहोचतो तो गावातल्या खरेदीदाराच्या, मग व्यापाऱ्याच्या हातून. कारखाना कदाचित रास्त भाव देतही असेल, पण तो शेतकऱ्याला मिळतो, असे नाही.

सोयाबीनवर उमटलेला ठसा

या धोरणाचा एक परिणाम मका न लावणाऱ्यांनाही भोगावा लागला आणि तो महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. मक्याच्या व तांदळाच्या आसवन्या वाढल्या, तसा डीडीजीएसचा पुरवठाही वाढला. प्रथिनांसाठी पशुखाद्यात सोयापेंड वापरणाऱ्यांना हा स्वस्त पर्याय मिळाला. सोयापेंडीची मागणी घटली की तेलगिरण्या सोयाबीनला कमी भाव देतात, कारण सोयाबीनचे अर्थकारण तेलापेक्षा पेंडीवर अधिक उभे आहे. यात खाद्यतेलाच्या आयातीचा आणि जागतिक बाजारातील मंदीचाही हात आहे, परंतु प्रक्रिया उद्योगाने या चोथ्याच्या स्पर्धेचा उल्लेख वारंवार केला आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मराठवाडा-विदर्भातील बाजारांत भाव त्याच्या बराच खाली राहिला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दाही झाला. लातूर किंवा वाशीमच्या शेतकऱ्याला आपल्या सोयाबीनच्या भावाचा पेट्रोलपंपाशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर ते त्याला पटले नसते. प्रत्यक्षात असा संबंध जडला होता.

मंत्रालये अनेक, जबाबदारी कोणाची?

या सगळ्याच्या मुळाशी प्रशासकीय रचनेचा एक दोष आहे आणि तो राजधानीतील मराठी अधिकारीवर्गाला सहज ओळखता येईल. इथेनॉलचा खप आणि तेल कंपन्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत. साखर, तांदूळ आणि आसवन्यांची व्याजसवलत अन्न मंत्रालयाकडे. मक्याचा हमीभाव कृषी मंत्रालयाच्या शिफारशीने ठरतो आणि मक्याची आयात वाणिज्य मंत्रालयाच्या अधिसूचनेने. या सर्वांना एकत्र आणणारी जैवइंधन समन्वय समिती आहे, तिचे अध्यक्षपद पेट्रोलियममंत्र्यांकडे असते. साहजिकच तिचा मानदंड मिश्रणाचा टक्का हा आहे. टक्का गाठला की समितीचे काम फत्ते. तो गाठताना कोणत्या पिकाचा भाव किती पडला, हे विचारण्याची जबाबदारी तिच्यावर नाही.

यात आता परराष्ट्र व्यापाराचा पदर जोडला गेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी भारत आमच्याकडून मका का घेत नाही, असा जाहीर सवाल केला. अमेरिकी मका बहुतांशी जनुकीय बदल केलेला असतो, हा आक्षेप आपल्याकडे आहेच. परंतु इंधनासाठीच वापरायचा असेल तर काय बिघडते, असा युक्तिवाद या चर्चेत पुढे येत राहणार. अशा वाटाघाटींत पूर्णियाच्या किंवा हावेरीच्या उत्पादकाची बाजू मांडण्यास त्याच्या पिकाला निदान काही कायदेशीर स्थान असावे लागते. आज ते नाही.

या धोरणाच्या समर्थकांचे म्हणणेही लक्षात घेतले पाहिजे. गरजेच्या जवळपास नव्वद टक्के खनिज तेल आयात करणाऱ्या देशाला स्वतःचे इंधन हवेच. इथेनॉल नसते, तर मक्याचा भाव २०२४ मध्ये चढलाच नसता आणि ऊसबिले अधिक थकली असती, हेही खरे. आज मागणीअभावी अडकलेल्या आसवन्यांचे मालकही तक्रारदारच आहेत. म्हणून इथेनॉल नको, ही भूमिका शेतकऱ्याच्या हिताची नाही. त्याला हवा आहे तो या व्यवहारात एक पक्षकार म्हणून प्रवेश.

तो देता येण्याजोगा आहे. उसाच्या बाबतीत जी जबाबदारी कारखान्यावर आहे, तिचा सौम्य अवतार मक्यालाही लागू करता येईल. मक्याच्या इथेनॉलला वाढीव दर हवा असेल, तर त्या आसवनीने मका हमीभावाने घेतल्याची पावती दाखवावी, ही अट तेल कंपन्यांच्या निविदेत घालणे अशक्य नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि प्राथमिक सहकारी संस्था यांच्याकडून थेट खरेदी करणाऱ्यास अग्रक्रम देता येईल. गावपातळीवर दाणे वाळवण्याची आणि साठवण्याची सोय झाली, तर शेतकऱ्याला दोन महिने थांबता येईल. सरकारी गोदामातील तांदूळ आसवन्यांना किती आणि कोणत्या दराने मिळणार, हे पेरणीच्या आधी जाहीर व्हावे. उद्योगाला पाच वर्षांचा आराखडा मिळतो, शेतकऱ्याला निदान एका हंगामाची पूर्वसूचना मिळायला हवी. ऊस उत्पादकाच्या वाटपसूत्रात इथेनॉलचे उत्पन्न धरण्याचा प्रश्नही फार काळ टोलवता येणार नाही.

अन्नाशी स्पर्धा न करणाऱ्या इंधनाचे प्रयोग चालू आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून, तर सप्टेंबर २०२५ मध्ये आसाममधील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पांची उद्घाटने झाली. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून मुक्त झाल्याने ईशान्येतील लहान शेतकऱ्याला तो तोडून विकणे सोपे झाले आहे. या मार्गाने जाण्यासारखे बरेच आहे. मात्र येथेही जुनाच प्रश्न उभा राहील: इथेनॉलचा दर ठरेल, पण पेंढ्याच्या गठ्ठ्याचा आणि बांबूच्या मोळीचा दर कोण ठरवणार? जट्रोफाच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला नाही. मक्याच्या वेळी तो भाव कोसळल्यावर विचारला गेला.

वीस टक्क्यांनंतर आता पंचवीस, सत्तावीस टक्क्यांची भाषा ऐकू येते. वाहनधारकांचे मायलेजविषयीचे आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे ती याचिका फेटाळली गेली. गाड्यांच्या इंजिनांची चर्चा महानगरांत भरपूर झाली. देशातील सुमारे ८६ टक्के शेतकरी दोन हेक्टरांहून कमी जमिनीचे धनी आहेत आणि पुढचा टक्का गाठायचा, तर कच्चा माल बव्हंशी त्यांच्याच शेतातून यायचा आहे. नवे उद्दिष्ट जाहीर करण्याआधी लिटरला दिलेल्या हमीतला काही अंश क्विंटलपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था झाली नाही, तर पुढच्या हंगामात हाच शेतकरी मका सोडून दुसऱ्या पिकाकडे वळेल. मग टक्का टिकवण्यासाठी पुन्हा जहाजांची वाट पाहावी लागेल. ती जहाजे तेलाऐवजी मका घेऊन येतील, एवढाच काय तो फरक.